मोटोक्रॉस बाइकचे सस्पेन्शन सेटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न २५० आणि ४५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक चालवणाऱ्यांसाठी आहेत : कावासाकी केएक्स, यामाहा वायझेड-एफ, होंडा सीआरएफ-आर, केटीएम एसएक्स-एफ. आकडे त्याच बाइकांना धरून दिले आहेत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचा धरा.

नवी कोरी बाइक एवढी कडक का वाटते? स्प्रिंग बदलू का?

लगेच नको. नव्या फोर्कमधले (पुढच्या सस्पेन्शनमधले) बुश आणि सील घट्ट असतात, लिंकेजचे (मागच्या सस्पेन्शनला जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग बसलेले नसतात आणि स्प्रिंगही थोडी बसायची असते. पहिले पाच ते दहा इंजिन-तास जाऊ द्या. त्यानंतर सॅग (वजनाने बाइक किती दबते तो आकडा, पुढचा प्रश्न पाहा) पुन्हा मोजा, तो काही मिलिमीटरने वाढलेला दिसेल. त्याआधी केलेले सेटिंग टिकत नाही, म्हणून पहिल्या दिवशी सस्पेन्शनच्या स्क्रूचे क्लिक फिरवत बसण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरे कारण वेगाचे. कारखान्यातले सेटिंग बऱ्यापैकी वेगाने चालवणाऱ्या, मोठ्या उड्या पूर्ण घेणाऱ्या चालकासाठी केलेले असते. टेबलटॉपवर (सपाट माथ्याच्या उडीवर) चाक मध्येच टेकवणाऱ्याला तीच बाइक लाकडासारखी लागते. अशा वेळी पुढचे-मागचे कॉम्प्रेशन (दबण्याला होणारा प्रतिकार) दोन-चार क्लिक सैल करणे हा साधा उपाय आहे.

सॅग म्हणजे काय आणि किती ठेवायचा?

चालक पूर्ण गियर घालून चढल्यावर मागचे सस्पेन्शन जेवढे दबते तो रेस सॅग. पुढे-मागे साधारण ३०० ते ३१५ मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शनची पूर्ण हालचाल) असलेल्या या बाइकांवर तो १०० ते १०५ मिमी ठेवतात, म्हणजे ट्रॅव्हलचा जवळजवळ एक तृतीयांश. चालक नसताना बाइक स्वतःच्या वजनाने जेवढी दबते तो स्टॅटिक सॅग. तो ३० ते ४० मिमी असावा.

सॅग चुकला तर बाकी सगळे सेटिंग चुकीच्या पायावर उभे राहते. फक्त ५ मिमीचा फरक बाइकचे वळण बदलतो. सॅग जास्त म्हणजे मागची बाजू खाली : सरळ रेषेत बाइक शांत, पण वळणात पुढचे चाक बाहेर सरकते. सॅग कमी म्हणजे मागची बाजू वर : वळणात पटकन शिरते, पण जोरात ब्रेक मारताना हँडल थरथरते आणि मागचे चाक उडते.

सॅग मोजायची पद्धत काय?

टेप, दोन माणसे आणि दहा मिनिटे पुरतात. सॅग मोजायची खास पट्टी असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

१. बाइक स्टँडवर घ्या, मागचे चाक पूर्ण हवेत लोंबू द्या. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून वर, मडगार्डवर एक खूण करून अंतर मोजा. खूण बरोबर वर नको, किंचित पुढे घ्या, कारण चाक वर येताना कमानीत येते. हा आकडा अ.

२. बाइक जमिनीवर सरळ उभी धरा. मागची बाजू थोडी उचलून हलकेच सोडा आणि मोजा. मग थोडी दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या, म्हणजे सील आणि बेअरिंगच्या घर्षणाचा फरक निघून जातो. हा ब. अ वजा ब म्हणजे स्टॅटिक सॅग.

३. चालक हेल्मेट, बूट, आर्मर, पाण्याची पिशवी, सगळे घालून चढतो आणि फूटपेगवर मधोमध उभा राहतो. आधाराला भिंतीवर एक बोट. दोन-तीनदा हलके दाबून स्थिर झाल्यावर मोजा. हा क. अ वजा क म्हणजे रेस सॅग.

बसून मोजा की उभे राहून, यावर वाद आहेत. एक पद्धत धरा आणि दर वेळी तीच वापरा. टाकीतले पेट्रोलही दर वेळी सारखे असू द्या. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यात चार-पाच किलोंचा फरक पडतो.

प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळलेली आहे ते) बदलण्यासाठी शॉकच्या (मागच्या सस्पेन्शनच्या) वरची लॉक रिंग सैल करून खालची रिंग फिरवावी लागते. आधी आटे ब्रशने साफ करून त्यावर थोडे तेल सोडा. चिखल अडकलेल्या आट्यांवर छिन्नी-हातोडा चालवला की अ‍ॅल्युमिनियमची रिंग कुरतडली जाते, आणि असे शॉक बाजारात हवे तेवढे दिसतात. रिंगच्या एका पूर्ण फेऱ्याने सॅग साधारण ३ ते ४ मिमी बदलतो. लॉक रिंग आवळायला विसरू नका.

स्प्रिंग माझ्या वजनाला योग्य आहे हे कसे ओळखायचे?

आधी रेस सॅग बरोबर लावा, मग स्टॅटिक सॅग पाहा. इथे पुष्कळांची उलट समजूत होते. रेस सॅग १०३ लावल्यावर स्टॅटिक फक्त २० मिमी येत असेल तर ‘बाइक दबतच नाही, म्हणजे स्प्रिंग कडक’ असे वाटते. प्रत्यक्षात स्प्रिंग मऊ असते. चालकाचे वजन पेलायला तिला फार आवळावे लागले, म्हणून रिकामी बाइक वर ताणून राहिली. स्टॅटिक ४५-५० मिमी आला तर स्प्रिंग कडक.

केटीएमच्या २०२३ पासूनच्या ४५० एसएक्स-एफवर ७५ ते ८५ किलोंच्या चालकासाठी ४५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग येते. त्याखालच्या वजनगटाला ४२, वरच्याला ४८. जपानी ४५० बाइकांवर हाच आकडा पन्नासच्या पुढे असतो. लिंकेज वेगळे म्हणून आकडा वेगळा, तेव्हा मित्राच्या दुसऱ्या ब्रँडच्या बाइकशी तुलना करू नका. वजन सात-आठ किलोंनी बदलले की मागे साधारण २ न्यूटन आणि पुढे ०.१ ते ०.२ न्यूटन प्रति मिमी असा बदल लागतो. पुढची-मागची जोडी एकत्र बदलायची. नुसती मागची कडक केली की सगळा भार फोर्कवर येतो आणि बाइक नाकावर चालते.

आपल्याकडची अनेक मुले ५५-६० किलोंची असून थेट ४५० घेतात. त्यांना क्लिकपेक्षा मऊ स्प्रिंगची गरज जास्त असते.

कोणता स्क्रू काय करतो?

कायाबा आणि शोवाच्या कॉइल स्प्रिंग फोर्कवर वरच्या टोपीवर कॉम्प्रेशन आणि खाली अ‍ॅक्सलपाशी रिबाउंड. मागच्या शॉकवर तीन गोष्टी असतात : वरच्या बाजूला लो-स्पीड कॉम्प्रेशनचा स्क्रू, त्याच्याभोवती हाय-स्पीडचा नट आणि शॉकच्या खालच्या टोकाला रिबाउंड. कॉम्प्रेशन दबण्याचा वेग ठरवते, रिबाउंड परत येण्याचा.

लो-स्पीड आणि हाय-स्पीड याचा बाइकच्या वेगाशी संबंध नाही, शॉकचा दांडा किती झपाट्याने आत जातो याच्याशी आहे. उडीच्या चढावर किंवा थ्रॉटल उघडल्यावर मागची बाजू बसते ते लो-स्पीड. ब्रेकिंग बंपची (वळणाआधी ब्रेकमुळे मातीत पडलेल्या उंचवट्यांची) उभी धार लागते किंवा सपाटीवर आपटून उतरता ते हाय-स्पीड, मग बाइक पन्नासने जात असो वा नव्वदने.

क्लिक मोजायची रीत एकच : स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि तिथून उघडताना मोजा. ‘१२ क्लिक’ म्हणजे बंदपासून बारा बाहेर. बंद करताना जोर लावलात तर आतल्या सुईचे टोक आणि तिची बैठक खराब होते. मग क्लिक फिरतात, पण फरक पडत नाही. बदल एका वेळी दोन क्लिकचा, हाय-स्पीड नटचा पाव फेरा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पेनाने लिहून ठेवा. डोक्यात ठेवलेले तिसऱ्या सेशनला आठवत नाही.

सस्पेन्शनला हात लावण्याआधी काय तपासायचे?

टायरची हवा : १२ ते १४ पीएसआय. अठरा-वीस हवा भरलेला टायर बारीक खडबडीत सगळे हाताला पोचवतो आणि दोष फोर्कला दिला जातो.

चेन : फार घट्ट नको. मोटोक्रॉस बाइकवर चेनमध्ये ५० ते ६० मिमी ढिलाई लागते, रस्त्यावरच्या बाइकच्या मानाने ती विचित्र वाटेल इतकी. शॉक दबत असताना पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा (स्विंगआर्मचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. ढिलाई नसेल तर तिथे चेनच शॉकला अडवते, शिवाय गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग खाते.

कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग), स्पोक आणि लिंकेजमधली खडखड पाहा. शेवटी पुढचा अ‍ॅक्सल. चाक बसवताना नट आवळल्यावर एका बाजूचे पिंच बोल्ट सैल ठेवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा. मोकळा पाय आपल्या जागी येतो, मग बोल्ट आवळा. हे न केल्यास दोन्ही पाय एकमेकांना किंचित वाकडे राहतात आणि फोर्क अडकत चालतो. खालच्या टी-चे (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या क्लॅम्पचे) बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळले तरी तोच त्रास होतो. टॉर्क पाना आणि मॅन्युअलचा आकडा, याला पर्याय नाही.

फोर्क हाताला फार कडक लागतो. कॉम्प्रेशन सैल केले तर आणखी बिघडते. असे का?

कारण तो बहुधा मऊ आहे. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

मऊ स्प्रिंगचा फोर्क ब्रेक मारताच खोल जातो. खोलवर आतली हवा दाबली गेलेली असते, त्यामुळे तिथे फोर्क आपोआप कडक होतो, आणि नेमके तिथे ब्रेकिंग बंप लागतात. हाताला कडकपणा जाणवतो, मग चालक कॉम्प्रेशन सैल करतो, फोर्क आणखी खोल चालतो, हात आणखी दुखतात.

ओळखायची युक्ती : धूळसीलच्या खाली, चकाकत्या नळीवर एक पातळ केबल टाय बांधा, ढिला नको, घट्टही नको. सीलला चिकटवून एक फेरी मारा. टाय जवळजवळ पूर्ण खाली गेलेला असेल आणि ट्रॅकवर मोठी उडी नसेल तर फोर्क मऊ. दोन क्लिक कॉम्प्रेशन आवळून पाहा. हाताला आराम वाटला तर निदान पक्के. टाय अर्ध्यावरच थांबला असेल तर फोर्क खरोखर कडक आहे, सैल करा. बरोबर सेटिंगमध्ये फेरीत सर्वांत मोठ्या आघाताला एखाद-दोनदा हलके बॉटम व्हायलाच (ट्रॅव्हलच्या टोकाला टेकायलाच) हवे. कधीच होत नसेल तर विकत घेतलेली ट्रॅव्हल तुम्ही वापरत नाही.

सगळीकडे ठीक, फक्त मोठ्या उडीवरून उतरताना पुढचे ‘ठण्ण’ वाजते.

कॉम्प्रेशनला हात लावू नका, बाहेरच्या चेंबरमधले तेल वाढवा, प्रत्येक पायात ५ ते १० सीसी. तेल वाढले की वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या तिसऱ्या भागात फोर्क जास्त प्रतिकार करतो. सुरुवातीच्या मऊपणावर फारसा परिणाम होत नाही. मापाची सिरिंज वापरा आणि दोन्ही पायांत सारखे ठेवा. कमाल मर्यादा मॅन्युअलमध्ये असते.

ब्रेकिंग बंपवर मागचे चाक उडते. रिबाउंड आवळायचा की सोडायचा?

दोन्ही कारणांनी उडते, म्हणून आधी ते कसे उडते ते बघा. जमल्यास कोणाला तरी बाजूने मोबाइलवर स्लो-मोशन चित्रीकरण करायला सांगा.

पहिल्याच बंपला मागची बाजू सरळ वर फेकली जात असेल तर रिबाउंड फार जलद आहे. दोन क्लिक आवळा. पहिले दोन-तीन बंप नीट जातात आणि चौथ्यापासून मागची बाजू कडक होऊन आडवी मारते, तर रिबाउंड फार हळू आहे. शॉकला परत वर यायला वेळच मिळत नाही, प्रत्येक बंपला तो आणखी खाली अडकून बसतो. इथे दोन क्लिक सोडायचे. घाबरून आवळणारेच जास्त, त्यामुळे हळू रिबाउंडची तक्रार प्रत्यक्षात जास्त आढळते.

दोन्ही करून फरक नाही? हाय-स्पीड कॉम्प्रेशन पाव फेरा सैल करा. तरीही नाही, तर सॅग पुन्हा मोजा. ९५ च्या खाली असेल तर उत्तर तिथेच आहे.

वळणात पुढचे चाक बाहेर सरकते, किंवा उलट, आत घुसून पडायला होते.

बाहेर सरकणे म्हणजे पुढची बाजू उंच चालते आहे. सॅग ३ मिमी कमी करा. नाही जमले तर फोर्क टी-मध्ये २ मिमी वर घ्या, म्हणजे नळ्यांची टोके वरच्या टी-बाहेर जास्त दिसतील आणि नाक खाली येईल. ब्रेक सोडल्यावर पुढची बाजू झटकन वर येऊन पकड सुटत असेल तर फोर्कचा रिबाउंड दोन क्लिक आवळा.

चाक आत घुसते किंवा सरळ रेषेत हँडल हलते तेव्हा उलट : फोर्क खाली, सॅग जास्त, फोर्कचे कॉम्प्रेशन थोडे आवळून. दोन्ही नळ्यांची उंची व्हर्नियरने मोजा. डोळ्यांनी २ मिमी दिसत नाहीत.

केटीएमच्या एअर फोर्कमध्ये किती हवा भरायची?

डब्ल्यूपी एक्सअ‍ॅक्ट फोर्कमध्ये डाव्या पायात हवेची स्प्रिंग आणि उजव्या पायात डँपिंग (कॉम्प्रेशन-रिबाउंडची यंत्रणा) असते. हवा साधारण १० ते ११ बारच्या दरम्यान. मॉडेल आणि वजनानुसार तक्ता मॅन्युअलमध्ये आहे. बदल ०.२ बारच्या पायरीने करा. त्यासाठी फोर्कचाच हातपंप लागतो. टायरचा पंप किंवा पेट्रोल पंपावरची हवा चालणार नाही.

हवा नेहमी फोर्क थंड असताना, पुढचे चाक हवेत ठेवून भरा आणि त्या दिवसाच्या तापमानाला तपासा. नाशिकला जानेवारीत पहाटे १२ अंशांना १०.५ बार भरली आणि दुपारी ३० अंशांना रेस असेल, तर त्याच हवेचा दाब सुमारे ११.२ बार होतो. म्हणजे कोणीही हात न लावता फोर्क तीन पायऱ्यांहून जास्त कडक झाला. सकाळच्या सरावात ‘मस्त’ वाटलेली बाइक दुपारी बिघडली म्हणून क्लिक फिरवणाऱ्यांचे अर्धे दुखणे इथे असते. वॉर्मअप लॅपनंतर गरम फोर्कची हवा मात्र कमी करू नका.

फोर्कच्या टोपीवरचा छोटा स्क्रू कशासाठी?

अडकलेली हवा सोडण्यासाठी. चालवताना सीलमधून थोडी हवा आत खेचली जाते, उन्हाने ती फुगते. प्रत्येक रायडिंगच्या आधी पुढचे चाक हवेत ठेवून हे स्क्रू उघडा, ‘फुस्स’ आवाज येईल, बंद करा. आधी टोपी पुसा, नाहीतर माती आत जाते. एअर फोर्कवर मुख्य हवेच्या व्हॉल्व्हला आणि या स्क्रूला एकच समजू नका.

मुरूम, चिखल, वाळू : वेगवेगळे सेटिंग लागते का?

पुण्या-नाशिककडचा दाबलेला मुरूम आघात अजिबात शोषत नाही, धारा उभ्या राहतात. तिथे दोन्हीकडचे कॉम्प्रेशन दोन क्लिक सैल, टायरची हवा १२ च्या आसपास. पावसाळ्यात काळ्या मातीत बाइकला किलोकिलोंनी चिखल चिकटतो आणि सॅग आपोआप वाढतो, म्हणून आधीच ३ ते ५ मिमी कमी लावा आणि कॉम्प्रेशन दोन क्लिक आवळा. खोल वाळूत पुढचे चाक तरंगत राहिले पाहिजे : फोर्क खाली, सॅग १०५ किंवा थोडा जास्त, फोर्कचे कॉम्प्रेशन आवळलेले. बेल्जियममधल्या लोमेलच्या वाळूचे सेटिंग कडक मुरमावर निरुपयोगी ठरते, त्यामुळे परदेशी व्हिडिओतले आकडे उचलताना माती कोणती ते पाहा.

२५० आणि ४५० मध्ये चालवताना फरक काय जाणवतो?

वजनाच्या काट्यावर फार नाही, दोन्ही साधारण १०५ ते ११३ किलोंच्या घरात. पण ४५० च्या इंजिनातले फिरणारे वजन आणि टॉर्क यामुळे ती वळवताना बरीच जड वाटते, आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिन ब्रेकिंगने फोर्कवर जास्त भार येतो. २५० वळणात वेग राखून चालवावी लागते. ४५० थांबवून, वळवून, उघडावी लागते. ज्यांच्या बाइकला इंजिन मॅप (इंजिनची ताकद कशी मिळेल ते ठरवणारे इलेक्ट्रॉनिक सेटिंग) बदलायची सोय आहे त्यांनी सौम्य मॅप लावून पाहावा. पुष्कळदा ‘मागचे सस्पेन्शन बसते’ ही तक्रार मॅपनेच कमी होते.

सर्व्हिस कधी? सील गळते आहे, बदलायलाच हवे का?

फोर्कचे तेल पहिल्यांदा १० तासांच्या सुमारास बदला, कारण सुरुवातीची धातूची पूड तेव्हाच निघते. पुढे दर २५-३० तासांनी. शॉक ४० तासांच्या आत. शॉकच्या टाकीत साधारण १० बारचा नायट्रोजन असतो, तो घरी उघडायचा नाही.

गळणारे सील प्रत्येक वेळी फाटलेले नसते. बहुतेकदा ओठाखाली मातीचा कण अडकतो. धूळसील खाली सरकवा, पातळ प्लॅस्टिकची पट्टी सीलच्या कडेतून आत सरकवून गोल फिरवा, पुसा, फोर्क दहा-बारा वेळा दाबा. थांबले तर ठीक. पुन्हा गळले तर नळीवर ओरखडा आहे का ते नख फिरवून पाहा. ओरखडा तसाच ठेवून नवे सील टाकलेत तर तेही थोड्याच दिवसांत जाईल. तेल ब्रेक पॅडवर गेले असेल तर पॅड बदला, पेट्रोलने धुऊन भागत नाही.

लिंकेजच्या सुई-बेअरिंगना कारखान्यातून ग्रीस बेताचेच असते. नवी बाइक आली की उघडून भरा, नंतर दर १५ तासांनी. प्रेशर वॉशरची धार थेट लिंकेजवर आणि फोर्क सीलवर मारू नका.

हिरोच्या एक्सपल्सवर हे सगळे लागू होते का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. एक्सपल्स २०० ४व्ही प्रोला पुढे २५० आणि मागे २२० मिमी ट्रॅव्हल आहे, त्यामुळे रेस सॅग १०५ नव्हे, ट्रॅव्हलच्या एक तृतीयांश, म्हणजे मागे ७०-७५ मिमीच्या आसपास धरा. ती मोटोक्रॉस बाइकपेक्षा खूपच जड आहे. डबल जंपवर तिच्याकडून केएक्सची अपेक्षा धरू नका.

सेकंडहँड बाइक घेतली, आत काय टाकलेय ते माहीत नाही. कुठून सुरुवात?

सगळे क्लिक बंदपासून किती बाहेर आहेत ते लिहून घ्या, मग मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. शॉकच्या स्प्रिंगवर कोरलेला किंवा छापलेला आकडा वाचा. फोर्कचे तेल काढून मोजा : दोन पायांत वेगवेगळे निघाले तर आधीच्या मालकाचे काम कसे होते ते कळते. काळे, चकाकणारे तेल निघाले तर बुशही बदला. मग सॅग.